चंद्रहासकाकांची यूट आणि वेदांतचे दोन इंच

अरे बस, चहा नंतर, आधी फक्त ऐक. आणि मध्येमध्ये ‘मग पुढे?’ करू नकोस, मी सांगतोच आहे.

तर आपला वेदांत. हॉर्नबीत राहतो ना अभिषेकबरोबर, डेअरीच्या मागच्या गल्लीत. काम प्रॉडक्शन प्लॅनिंगचं, म्हणजे दिवसभर एक्सेल. आयुष्यात पाना-पक्कड हातात धरली ती एकदाच, फ्लॅटपॅकचं जेवणाचं टेबल जोडताना. त्या टेबलावर आजही वरणाची वाटी ठेवली की ती हळूहळू अभिषेककडे सरकते. अशा माणसाच्या हातात चंद्रहासकाकांनी आपली यूट दिली. तू इथे नवीन आहेस म्हणून सांगतो, यूट म्हणजे पिकअप, मागे उघडा हौदा असतो ती गाडी.

चंद्रहासकाका म्हणजे सुखदाचे बाबा. आणि सुखदा म्हणजे वेदांतची कोण, ते अख्ख्या क्राइस्टचर्चला माहीत होतं. फक्त तिच्या घरी माहीत नव्हतं.

काका-काकू पुतण्याच्या लग्नाला पुण्याला निघाले होते, महिना-दीड महिन्यासाठी. एअरपोर्टवर सोडायला वेदांतच गेला होता. काकांनी किल्ली त्याच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, “वॉरंट संपतंय. गाडी दाखवून वॉरंट काढून ठेव. बाकी हात लावू नकोस. जमेल ना?”

वॉरंट म्हणजे इथला गाडी तपासणीचा दाखला. आता हे ‘जमेल ना’ काकांनी ज्या सुरात विचारलं, तो सूर वेदांतला लागला. आपण तिसरीतल्या पोराला दुधाची पिशवी आणायला पाठवताना विचारतो ना, तो सूर.

वर सुखदाने पार्किंगमध्ये वेगळी तंबी दिली. “ते परत आले की बाबांची साठी आहे. त्या दिवशी ते खुशीत असतील, तेव्हा मी तुझं सांगणार. तोपर्यंत तू काही करू नकोस. म्हणजे वेदांत, काहीच करू नकोस.”

काहीच न करण्याचं काम. किती लोकांना मिळतं सांग. तेही याला झेपलं नाही.

ती यूट साधी नाही रे. ऐंशीच्या दशकातली जपानी गाडी, रंग हळदीच्या दुधासारखा. काकांनी या देशात आल्यावर घेतलेली पहिली वस्तू. भूकंपानंतर गल्लीभर जो राखाडी गाळ वर आला होता, तो काकांनी आठवडाभर या यूटमधून वाहिला, शेजारपाजारच्यांचासुद्धा. ओझं पेलावं म्हणून मागे स्प्रिंगचे जादा पाटे घालून घेतले. मागची बाजू उंच झाली म्हणून पुढचं नाक उचलून घेतलं. शेवटी गाडी एवढी उंच झाली की सुलभाकाकूंना चढायला प्लास्टिकचं स्टूल लागायचं. एकदा मॉलच्या पार्किंगमध्ये साडी सांभाळत स्टुलावर चढताना कुठल्या तरी पोराने त्यांचा फोटो काढला, तेव्हापासून काकूंनी त्या गाडीत पाऊल ठेवलं नाही. काका एकटेच फिरायचे, आणि मागे बसायला सिमेंटच्या गोण्या.

वेदांत शनिवारी गाडी घेऊन वॉरंटला गेला. गाडी नापास. मागचा एक पाटा तडकला होता. एवढंच होतं बघ. तो बदलला असता की गोष्ट संपली होती, आणि आत्ता मी तुला फुटबॉलचं काहीतरी सांगत बसलो असतो.

पण कुंपणापलीकडे ग्रॅहम राहतो.

ग्रॅहमने आयुष्यभर शाळेची बस चालवली, आता निवृत्त आहे. बारा महिने हाफ पँट आणि जँडल्स, म्हणजे रबरी चपला. त्याचं एक आवडतं वाक्य आहे, “आता खोललंच आहे तर.” नळाचा वॉशर बदलायला गेलेल्या माणसाला हे वाक्य ऐकवून त्याने अख्खं बाथरूम पाडायला लावलंय, आमच्याच गल्लीत. तो कुंपणावर कोपरं टेकून म्हणाला, “पाटे काढतोच आहेस तर जादाचे परत घालू नकोस, मेट. दोन इंच खाली घे. क्लासिक आहे ती. जमिनीलगत अशी भारी दिसेल ना.”

अभिषेक लगेच आतून लॅपटॉप घेऊन आला. तो टेस्टर आहे आयटीत, त्याचा स्वभाव असा की प्रत्येक गोष्टीचा व्हिडिओ त्याने आधीच पाहिलेला असतो. “सोप्पंय रे. मागे पाटे कमी करायचे, ॲक्सल आणि पाट्यांच्या मध्ये ठोकळे घालायचे. पुढे तर फक्त बोल्ट सैल करायचा, नाक आपोआप खाली.”

“काका म्हणाले हात लावू नकोस,” वेदांत म्हणाला. पण म्हणताना त्याची नजर लॅपटॉपवर होती. त्यात एक तसलीच यूट समुद्राकाठच्या रस्त्यावरून चालली होती, खाली, रुबाबात, मांडी घातल्यासारखी. आणि वेदांतला दिसायला लागलं की साठीचा दिवस आहे, काका हॉलबाहेर येतायत, यूट बघतायत, आणि खांद्यावर हात ठेवून म्हणतायत, हे तू केलंस? जावई म्हणून ओळख करून द्यायला याहून चांगलं काही असू शकतं का, असं त्याचं म्हणणं. सुखदाला त्याने यातलं काही सांगितलं नाही. सरप्राइज म्हणे.

मागचं काम एका वीकेंडला झालं. म्हणजे वेदांतच्या मते झालं. जुने पाटे त्याने अभिषेकच्या जुन्या चादरीत गुंडाळून गॅरेजमध्ये फ्रीजच्या मागे ठेवले, न जाणो लागले तर. पुढच्या वीकेंडला नाक. उजवीकडचा बोल्ट लोण्यासारखा फिरला. डावीकडचा गंजला होता, तो हलेना. ग्रॅहमने स्प्रे दिला, हातोडा दिला, सल्ला दिला. संध्याकाळी जॅक काढला तर गाडी उजव्या अंगावर कललेली. कमरेवर हात ठेवून भांडायला उभी राहिलेली बाई असते ना, हुबेहूब तशी.

आता पुढचा मूर्खपणा अभिषेकचा. त्याने विचार केला की चार लोकांना विचारावं. आणि आपण लोक चार लोकांना म्हणजे कुठे विचारतो? मंडळाच्या ग्रुपवर. त्याने टाकलं, ‘एका मित्राने जुन्या यूटचे पाटे कमी केले. आता ती एका बाजूला कलते. उपाय?’

दहा मिनिटांत उत्तरांचा पाऊस. एकाने विचारलं, गाडीचं तोंड कुठल्या दिशेला करून लावता? एका मावशींनी दृष्ट काढायला सांगितली. कुणी तरी विकायचा असलेला सोफा टाकला. एकाने दुसऱ्याच ग्रुपवरचा ढोकळ्याचा फोटो. आणि मग पुण्याहून चंद्रहासकाका टायपिंग.

अरे, काका ग्रुपचे ॲडमिन आहेत हे या दोन शहाण्यांच्या डोक्यातच आलं नाही. दोघं फोनकडे बघत गॅरेजमध्ये खाली बसले. काकांचा मेसेज आला: ‘बोल्ट दोन्हीकडे सारखे फिरवा. बाकी, जुन्या गाडीचे पाटे काढणाऱ्या गाढवाच्या हातात पाना कोणी दिला, आधी त्याचा पत्ता कळवा.’

त्याखाली एकवीस जणांचे अंगठे. त्यात एक सुखदाचा. तिला कुठे माहीत होतं.

अभिषेकने लिहिलं, ‘धन्यवाद काका, मित्राला सांगतो.’ वेदांतने तो मेसेज पुन्हा वाचला. मग म्हणाला, “सल्ला बरोबर आहे पण.” आणि खरंच त्या सल्ल्याने गाडी सरळ झाली. म्हणजे काकांची गाडी बिघडवली वेदांतने आणि दुरुस्त केली काकांनी, सोळा तासांच्या विमानप्रवासाइतक्या अंतरावरून.

इथे तरी थांबावं ना माणसाने? पण गाडी खाली आल्यावर चाकं बारकी दिसायला लागली. मोठ्या माणसाने लहान पोराच्या चपला घातल्यासारखी. म्हणून रुंद चाकं आली. रुंद चाकं आली तर वळताना टायर मडगार्डला घासायला लागलं, म्हणून मडगार्डची कड ठोकून आत घेतली, म्हणून तिथला रंग उडाला. मग रंग. हौद्याच्या तळाला ग्रॅहमने त्याच्या जुन्या घरातल्या रिमूच्या, म्हणजे इथल्या जुन्या लाकडाच्या, फळ्या दिल्या, आता खोललंच आहे तर. हेडलाइट खाली गेले, नव्या सुनेसारखे मान खाली घालून फक्त पायाशी बघणारे. आणि घराच्या ड्राइव्हवेला जो उतार आहे, तिथे पोट घासायला लागलं, म्हणून दर वेळी दोन फळ्या टाकायच्या, अभिषेकने पुढे उभं राहून ट्रकवाल्यासारखं “आन दे, आन दे” करायचं, मग फळ्या उचलायच्या. एकदा कचऱ्याच्या गाडीचा दिवस होता. लाल, पिवळी, हिरवी अशा तिन्ही बिन्स एका झटक्यात रस्त्यावर. लोअर केलेल्या क्लासिक यूटमधून उतरून वेदांत गल्लीभर कांद्याची सालं गोळा करत होता, आणि येणारा-जाणारा म्हणत होता, “नाइस ट्रक, मेट.”

मग पुन्हा वॉरंट. तिथला माणूस गाडीखाली वाकून बघून आला आणि फार मायेने म्हणाला, “याला सर्ट आहे का?”

म्हणजे असं की, इथे गाडी अशी खालीवर केली की साध्या वॉरंटच्या आधी वेगळा इंजिनिअर येऊन तपासतो आणि पास झाली तर गाडीत एक छोटी पाटी ठोकतो. त्याला म्हणायचं सर्ट. त्याशिवाय ती रस्त्यावर काढायची नाही. हे ग्रॅहमला माहीत होतं. “मला वाटलं तुला माहीत आहे,” तो म्हणाला.

आणि गाडीच्या पोटाखाली किमान दहा सेंटिमीटर जागा लागते. हे मोजायला घरी टेप सापडेना म्हणून अभिषेकने मिसळणाचा डबा आणला आणि गाडीखालून सरकवला. डबा गेला. दोघांनी टाळी दिली. मग टेप सापडली आणि डबा मोजला. डबा सात सेंटिमीटर.

सर्टवाला आला तेव्हा काका परतायला फार दिवस उरले नव्हते. शांत माणूस. चटईवर झोपून बराच वेळ गाडीखाली राहिला, वेदांतला वाटलं डोळा लागला असेल. बाहेर येऊन म्हणाला, “हे तू स्वतः केलंस?”

“हो,” वेदांत छाती काढून म्हणाला.

“वाटलंच,” तो म्हणाला.

बस. एवढंच. ‘वाटलंच.’ वेदांत अजून मधूनच विचारतो, त्यात कौतुक थोडं तरी असेल ना रे? त्याने ठोकळे बदलायला लावले, नाक अर्धा इंच वर घ्यायला लावलं, एक्झॉस्ट वर बांधायला लावला. वेदांतने सुट्ट्या टाकल्या, हाताची सालं काढून घेतली, रडकुंडीला आला, पण केलं. आणि हे मी मानतो, सगळं त्यानेच केलं. दुसऱ्या खेपेला सर्टवाल्याने पाटी ठोकली. वॉरंटही निघालं. गाडी दिसत होती काय सांगू तुला, नुसती बघत राहावी.

काका आले. विमानतळावर पहिला प्रश्न, “वॉरंट झालं?”

“झालं काका.”

“गाडी?”

“साठीच्या दिवशी हॉलवरच आणतो. धुऊन.”

सुखदाने त्याच्याकडे बघितलं. तिला वास येतोच. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये येऊन तिने यूट पाहिली आणि हौद्याच्या कडेवर बसूनच राहिली. “ते ग्रुपवरचं गाढव तू होतास?”

“हो.”

“मी अंगठा दिला होता.”

“बघितला.”

तिला हसू येत होतं पण तिने आवरलं. “हे बघ, बाबा ओरडतील. ओरडू देत. पण विचारलं तर खरं सांग. बाबांना काम बिघडवलेलं चालतं, थाप चालत नाही. आणि मला पण.”

तो हो म्हणाला. आणि ती गेल्यावर सरळ कुंपणाशी गेला. कारण त्याच्या डोक्यात तो मेसेज घर करून बसला होता, गाढवाच्या हातात पाना वगैरे. ग्रॅहमला म्हणाला, “समजा त्या दिवशी काका चिडले, तर तू म्हणशील का की हे तू केलंस? तू म्हातारा आहेस, तुला ते काही बोलणार नाहीत.”

ग्रॅहमने जरा विचार केला. “स्वीट ॲज,” म्हणाला, म्हणजे इथल्या भाषेत ‘चालेल की’. “शब्द दिला.” आणि हात पुढे केला.

साठीचा दिवस. कम्युनिटी हॉल, जिलेबी, सनईची रेकॉर्डिंग, मंडळ झाडून हजर. यूट ग्रॅहमच चालवत घेऊन आला, इस्त्रीच्या शर्टात. फाटकाशी जो स्पीड हंप आहे, त्यावर गाडीचं पोट असं खरडलं की सनईच्या वर ऐकू आलं. सगळे बाहेर. काका पुढे.

काका गाडीभोवती फिरले. चाकाला हात लावला. मग सिल्कच्या झब्ब्यासकट गुडघ्यावर बसून खाली वाकून बघितलं. ऐंशी माणसं टाचा उंचावून बघतायत. काका उठले, गुडघे झटकले.

“पाटे कोणी काढले?”

सुखदा वेदांतकडे बघत होती. वेदांत काकांकडे बघत होता. काकांच्या कपाळावर रागाची ती शीर फुगली होती. आणि याच्या तोंडून निघून गेलं, “ग्रॅहमने.”

“येस,” ग्रॅहम म्हणाला. “मीच.”

काकांनी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात सुलभाकाकू पुढे आल्या. नऊवारी, नाकात नथ. त्यांनी दार उघडलं, गाडीकडे पाठ केली, आणि सोफ्यावर बसावं तशा बसल्या. पाय आत घेतले. झालं. स्टूल नाही, आधार नाही. त्या आतून म्हणाल्या, “अहो, या ना. एक फेरी मारू.”

काका वळसा घालून ड्रायव्हरच्या बाजूने बसले. पार्किंगला एक चक्कर झाली, मग दुसरी. मग हंपवरून तिरकी काढून गाडी रस्त्यावर गेली आणि बराच वेळ आलीच नाही. जेवणं खोळंबली. आली तेव्हा काकूंच्या हातात आइस्क्रीम होतं आणि काकांची शीर गायब.

यानंतर जे झालं त्याची तयारी वेदांतने केली नव्हती. स्टेजवर काकांनी माइक घेतला आणि औक्षणाच्या आधी ग्रॅहमला वर बोलावलं. शाल घातली. श्रीफळ दिलं. कुणाचा तरी फेटा त्याच्या डोक्यावर चढवला. मग आधी इंग्रजीत आणि मग मराठीत सांगितलं की, किती वर्षांनी बायको शेजारी बसली, ती या माणसामुळे. याला म्हणतात हाताला कसब. “नाहीतर आपली मुलं. हा वेदांत, गुणी आहे, पण साधं वॉरंट काढायला दिलं तर शेजाऱ्याला कामाला लावून आला. एक्सेलमध्ये कुठे ग्रीस असतं.” सगळे हसले. अभिषेकसुद्धा हसला, हे मी स्वतः पाहिलं.

वेदांत खालून ग्रॅहमला डोळ्यांनी खुणावत होता, सांग, आता सांगून टाक, आता हरकत नाही. ग्रॅहमला वाटलं हा म्हणतोय, चालू ठेव. शब्दाचा पक्का माणूस. त्याने माइक घेतला आणि डावीकडचा बोल्ट कसा गंजला होता, आपण कसा हलवला, सगळं रंगवून सांगितलं. टाळ्या.

इकडे दुसऱ्या रांगेत सुखदा. तिने ठरवलं होतं की भाषणं झाली की बाबांना बाजूला घेऊन सांगायचं. तिने फोन पर्समध्ये टाकला, पर्सची चेन लावली आणि वेदांतकडे बघणं थांबवलं. बघणं थांबवलं, कळलं ना तुला?

तेव्हा हा उठला. सरळ स्टेजवर गेला, माइक हातात घेतला आणि ग्रॅहमलाही कळेल असं इंग्रजीत म्हणाला, “काका, ते पाटे मी काढले. सगळं काम मी केलंय. ग्रॅहमने फळ्या दिल्या आणि टॉर्च धरला. मी घाबरून त्याचं नाव घेतलं.”

आणि काका जे हसायला लागले. “वा रे वा. शाल बघून जागा झालास होय?” सगळा हॉल हसला. ग्रॅहमने मान हलवली, वेदांतच्या खांद्यावर थोपटलं आणि माइकमध्ये म्हणाला, “चांगला पोरगा आहे. मला ओरडा बसू नये म्हणून स्वतःवर घेतोय.”

हसणं ओसरलं तसे काका पुढे आले. वेदांतच्या हातांकडे त्यांची नजर गेली असावी, सोललेल्या बोटांकडे. सावकाश म्हणाले, “बरं. तू काढलेस ना? मग माझे जुने पाटे कुठे आहेत ते सांग. ज्याने काढले त्याला माहीत असणारच.”

ते कुठे आहेत तुला माहीत आहे. फ्रीजच्या मागे, अभिषेकच्या चादरीत. त्याने एवढं म्हटलं की संपलं, काकांना पटणार. पण मग शाल घालून, फेटा बांधून शेजारी उभा असलेला तो म्हातारा, ज्याने याच्यासाठी शब्द पाळला, तो ऐंशी माणसांसमोर खोटारडा. आणि ‘माहीत नाही’ म्हणावं, तर सुखदाने पुन्हा मान वर केली होती. ती त्या हौद्याच्या कडेवर बसली होती तेव्हा फ्रीजमागची ती चादर तिने पाहिली होती, थाप तिला लगेच कळली असती.

ग्रॅहम हळूच कानाशी म्हणाला, “काळजी करू नकोस, मेट. मी काही फुटत नाही.”

काका वाट बघत होते. माइक याच्या हातात.

आता पी चहा. पण आधी सांग, तू काय केलं असतंस?